दोन महिने गोळ्या घेऊनही सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं. औषध लागू पडत नाहीये का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाऊ २९ वर्षांचा, चाकणला कंपनीत कामाला. मधुमेह नाही, एचआयव्ही निगेटिव्ह. फुप्फुसाचा टीबी निघाला. सीबीनॅट म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी. तिच्या पहिल्या रिपोर्टवर ‘मीडियम’, म्हणजे जंतूंचं प्रमाण मध्यम, असं लिहिलं होतं आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतोय असं आलं होतं. सरकारी गोळ्या सुरू होऊन ६० दिवस झाले. ताप गेला, खोकला जवळजवळ थांबला, वजन ४४ वरून ४८ किलो झालं. सरकारी केंद्रातल्या बेडका तपासणीत जंतू दिसले नाहीत. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तुम्ही खासगी लॅबमध्ये सीबीनॅट पुन्हा केलंत आणि तिथे आलं, ‘एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो’, म्हणजे टीबीचा जंतू सापडला, पण अगदी थोडा. छातीच्या फोटोतला डागही पूर्ण गेलेला नाही. आता एक जण म्हणतो औषध बदला, दुसरा म्हणतो पेट स्कॅन करा, लॅबवाल्यांनी ‘टीबी गोल्ड’ ही रक्ततपासणी सुचवली. आई रात्ररात्र जागते. तुमचं विचारणं असं, की औषध लागू पडतंय की नाही हे नक्की सांगणारी तपासणी कोणती, आणि बातम्यांत ज्या नव्या तपासण्यांबद्दल येतं त्यातली एखादी पुण्यात होईल का.

मी सोलापुरात बावीस वर्षं छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, त्यांची मुलं हे माझे नेहमीचे रुग्ण. तुमच्यासारखा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेलं घर मी महिन्यातून एकदा तरी बघतो.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं असेल, तर तुमच्या भावाला औषध लागू पडतंय. या रिपोर्टवरून गोळ्या बदलू नका आणि एक दिवसही थांबवू नका. पेट स्कॅन नको, टीबी गोल्डही नको. एक तपासणी मात्र राहून गेली असण्याची शक्यता आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो. ती झाली की नाही, एवढं या आठवड्यात विचारून घ्या.

आता घोळ कुठे झाला ते बघू. टीबीच्या तपासण्या दोन निरनिराळ्या प्रश्नांसाठी असतात. या माणसाला टीबी आहे का, हा एक. औषध सुरू केल्यावर आतले जंतू मरताहेत का, हा दुसरा. गेल्या पंधरा वर्षांत पहिल्या प्रश्नासाठी फार चांगली यंत्रं आली. दुसऱ्या प्रश्नासाठी आपण अजून बरेचसे जुन्याच साधनांवर अवलंबून आहोत. नवं यंत्र महाग आणि अचूक, म्हणून लोक ते दुसऱ्या प्रश्नालाही लावतात आणि तिथेच फसगत होते.

सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायचा तर एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे आजार लवकर पकडायला ही तपासणी कमी पडायची. औषधांना दाद न देणारा टीबी आहे का, हे कळायला तर कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्यासाठी, महिना-दोन महिने थांबावं लागायचं. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली, आणि दोन तासांत दोन्ही गोष्टी कळू लागल्या. मिलिलिटरला सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी ते पकडतं. त्याची २०१७ साली आलेली अल्ट्रा ही आवृत्ती तर पंधरा-सोळा जंतूंवरही काम करते. आपल्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. त्याला २०२० साली मान्यता मिळाली आणि तालुक्याच्या गावीही टीबीचं निदान तासा-दीड तासात होऊ लागलं. ज्यांनी आधीचे दिवस बघितलेत त्यांनाच याची किंमत कळेल.

पण ही सगळी यंत्रं शोधतात जंतूचा डीएनए. डीएनए फार टिकाऊ असतो. जंतू मेला, फुटला, तरी त्याच्या डीएनएचे तुकडे फुप्फुसातल्या जखमेत आठवडे-महिने पडून राहतात आणि बेडक्यातून थोडे थोडे बाहेर येतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, अगदी तसं. यंत्र पीळ बघून ‘सुंभ आहे’ असं सांगतं. तो जळालेला आहे की नाही, हे ओळखायची सोय त्यात नाही. म्हणूनच उपचार चालू असताना औषध लागू पडतंय का हे बघण्यासाठी सीबीनॅट वापरू नये, असं मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. अल्ट्रा जितकं जास्त संवेदनशील, तितकी ही अडचण जास्त. गेल्या पाच वर्षांत टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या रिपोर्टवर ‘ट्रेस’, म्हणजे जेमतेम अंश, असं आलं, तर ते मेलेल्या जंतूंचे अवशेषही असू शकतात. मग लक्षणं आणि फोटो बघूनच ठरवावं लागतं.

‘मीडियम’चं ‘व्हेरी लो’ झालं, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण त्यावरही फार भिस्त ठेवू नका. बेडका घट्ट होता की पातळ, नमुना किती होता, यावरसुद्धा ती पायरी वरखाली होते.

हे मी इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. २०१४ साली माझ्याकडे एक यंत्रमाग कामगार आला, पस्तिशीचा. उपचाराच्या पाचव्या महिन्यात त्याचं सीबीनॅट कोणीतरी पुन्हा केलं होतं. ‘डिटेक्टेड’ एवढा शब्द वाचून औषध फसलं असं ठरवलं गेलं आणि त्याला कानामायसिनची रोजची इंजेक्शनं सुरू झाली. माझ्याकडे आला तेव्हा सहा आठवड्यांची इंजेक्शनं झाली होती आणि बायको जवळ बसून मोठ्याने बोलली तरच त्याला ऐकू येत होतं. पाचव्या महिन्यातल्याच बेडक्याचं कल्चर दुसरीकडे लावलेलं होतं. ते निगेटिव्ह आलं. म्हणजे माणूस बरा होत होता, औषध बदलायची गरजच नव्हती. या औषधाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आज ती इंजेक्शनं जवळपास मागे पडली आहेत, पण चुकीच्या प्रश्नाला चुकीची तपासणी लावण्याची सवय गेलेली नाही.

मग सीबीनॅट पुन्हा कधीच करायचं नाही का? करायचं, पण वेगळ्या प्रश्नासाठी. दुसऱ्या महिन्याअखेर किंवा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले, ताप परतला, वजन उतरायला लागलं, तर ‘जंतूने रिफाम्पिसिनला दाद देणं थांबवलंय का?’ हे विचारण्यासाठी ते करतात. तेव्हा रिपोर्टची रिफाम्पिसिनवाली ओळ वाचायची. तुमच्या भावाच्या नव्या रिपोर्टवर ती ओळ काय म्हणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ‘रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’, म्हणजे औषधाला प्रतिकार दिसला नाही, असं असेल तर त्या रिपोर्टचा तेवढा उपयोग झाला असं समजा. ‘इंडिटरमिनेट’ असेल तर घाबरू नका. जंतूंचा अंश फार थोडा असला की यंत्राला ते ठरवता येत नाही. ‘रेझिस्टन्स डिटेक्टेड’ असेल, तर मात्र वर दिलेलं माझं उत्तर बदलेल. तो रिपोर्ट घेऊन लगेच केंद्रात जा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. जंतू मरताहेत का, हे आज आपण कशावरून ओळखतो?

बेडक्याची सूक्ष्मदर्शक तपासणी दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि उपचार संपताना करतात. तुमच्या भावाची पहिली निगेटिव्ह आली, हे चांगलं आहे. यात एक मेख आहे. सूक्ष्मदर्शकालाही मेलेला आणि जिवंत जंतू वेगळा कळत नाही. रंग दोघांनाही चढतो. पण मेलेल्या जंतूची अख्खी काया बेडक्यात हजारोंनी सापडणं हळूहळू बंद होतं, डीएनएचे तुकडे मात्र मागे राहतात. म्हणून या कामाला ती डीएनए तपासणीपेक्षा बरी. उलट, दोन महिन्यांनी ती पॉझिटिव्ह आलेली कितीतरी माणसं सहा महिन्यांत ठणठणीत बरी झालेली मी पाहिली आहेत. ज्यांच्या फुप्फुसात मोठं पोकळ घर झालेलं असतं, त्यांच्यात हे जास्त दिसतं. पूर्वी अशा वेळी पहिल्या टप्प्याच्या गोळ्या महिनाभर वाढवायचे. आता तसं करत नाहीत. पुढचा टप्पा सुरू करतात आणि नमुना औषधप्रतिकाराच्या तपासणीला पाठवतात.

जिवंत जंतू ओळखण्याची खरी कसोटी कल्चर. नमुना पोषक द्रवात ठेवायचा आणि जंतू वाढतो का बघायचं. वाढला म्हणजे जिवंत आहे. यात संशयाला फारशी जागा नाही. अडचण वेळेची. पोटातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला वीस तासांच्या आसपास घेतो. त्यामुळे द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह आहे असं म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. तोवर रुग्ण उपचाराच्या चौथ्या महिन्यात पोहोचलेला असतो. शिवाय दोन महिन्यांचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे आजार उलटणारच नाही, अशी हमी तेही देत नाही.

छातीचा फोटो तर फारच सावकाश बदलतो. जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो, तसा फुप्फुसावरही राहतो, कधीकधी जन्मभर. दोन महिन्यांच्या फोटोत मी एवढंच बघतो की डाग वाढलाय का, नवीन ठिकाणी आलाय का, पाणी झालंय का. डाग कमी झाला नाही म्हणून मी औषध बदलत नाही. हल्ली फोटो वाचणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत, त्यातली एक मुंबईच्याच कंपनीची. १५ वर्षांवरील लोकांत टीबीचे संशयित शोधायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा प्रणालींना हिरवा कंदील दाखवला. हातात धरता येणारं एक्स-रे यंत्र घेऊन वाडीवस्तीवर गेलो की त्यांचा फार उपयोग होतो. पण त्यांचं काम शोधण्याचं, उपचार लागू पडतोय का हे सांगण्याचं नव्हे.

पेट स्कॅनचं सांगतो, कारण त्यासाठी घरं कर्ज काढतात. पेट स्कॅनवर जिथे दाह असतो तिथे उजळ दिसतं. दक्षिण आफ्रिकेत उपचार पूर्ण करून बरे झालेल्या रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांच्या फुप्फुसात उपचार संपतानाही उजळ भाग उरलेले दिसले, काहींमध्ये तर नवे किंवा वाढलेले. माणसं बरी होती. मग तुमच्या भावाच्या स्कॅनवर दोन महिन्यांनी उजळ ठिपका दिसला, तर त्यातून काय निष्कर्ष काढणार? संशोधनाला त्याचं मोल मोठं आहे. तुमच्या घराला त्यातून फक्त आणखी एक काळजी मिळेल.

टीबी गोल्ड या रक्ततपासणीत शरीराची या जंतूशी कधी गाठ पडली होती का, याची आठवण दिसते. ती आठवण बरं झाल्यावरही राहते, त्यामुळे उपचाराबद्दल ती काहीच सांगत नाही. टीबीच्या निदानासाठी अँटिबॉडी शोधणाऱ्या ज्या रक्ततपासण्या पूर्वी सर्रास चालायच्या, त्यांवर तर सरकारने २०१२ सालीच बंदी घातली, इतके त्यांचे निकाल चुकत होते.

आणि आता वजनकाटा. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा म्हणजे ४४ चे ४८. सीबीनॅटच्या ओळीखाली तो तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण मी तिथेच थांबलो. झारखंडमध्ये सुमारे २,८०० रुग्णांना उपचाराबरोबर पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळपास ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तुमच्या भावाचं वजन नऊ टक्के वाढलंय. नुसत्या भाकरी-वरणाने टीबी बरा होत नाही हे खरं, पण जंतू मरू लागले की ताप उतरतो, भूक परतते, खाल्लेलं अंगी लागतं. त्यामुळे वजन हे आत काय चाललंय त्याचा आरसा असतं. माझ्या दवाखान्यात पहिल्या दिवशी वजन केल्याशिवाय कार्ड पुढे जात नाही, आणि दर महिन्याला त्याच काट्यावर, चप्पल काढून वजन होतं. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेत मिळणारे पैसे २०१८ साली महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. भावाच्या बँक खात्यात ते येताहेत का बघा, आणि ते डाळ, अंडी, शेंगदाणे यांवरच खर्च होऊ द्या.

वजनाच्या बाबतीत काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. मधुमेह ताब्यात नसेल तर टीबी बरा होत असूनही वजन वाढत नाही. दारू चालू असेल तरी तेच. एचआयव्ही असेल, किंवा मानेत गाठींचा टीबी असेल, तर औषध नीट काम करत असतानाच गाठ आधी मोठी होऊ शकते. प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असते, आणि ती ओळखायला अनुभवी डॉक्टरचाच हात लागतो. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यांच्यात तर आम्ही बहुतांशी वजन, ताप आणि खेळकरपणा यांवरच चालतो. तुमच्या भावाला यातलं काही नाही, म्हणून मी एवढ्या विश्वासाने लिहितोय.

आता ती राहून गेलेली तपासणी. सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनबद्दल सांगतं. गोळीत आणखी एक मुख्य औषध असतं, आयसोनियाझिड. जंतू त्याला दाद देतोय का, हे साध्या सीबीनॅटला कळत नाही. त्यासाठी एलपीए नावाची वेगळी तपासणी असते. रिफाम्पिसिनला दाद देणाऱ्या रुग्णांचा दुसरा नमुना तिच्यासाठी पाठवावा अशी सरकारी कार्यक्रमात सूचना आहे. प्रत्यक्षात तो नमुना कधी गळतो, कधी कमी पडतो, कधी निकाल येऊनही कोणी उघडून बघत नाही.

२०१९ साली विड्या वळणारी एक बाई माझ्याकडे आली. वजन ३८ किलो. दोन महिन्यांनी बेडका निगेटिव्ह, रिपोर्टवर सगळं आलबेल. पण काटा ३८ वरच अडकलेला आणि संध्याकाळी अंग कोमट. तिची सून म्हणाली, ‘आत्याबाई गोळ्या चुकवत नाहीत, मी समोर बसून देते.’ चौकशी केली तर एलपीएचा नमुना गेलेलाच नव्हता. कल्चर लावलं, पाचव्या आठवड्यात जंतू वाढला, आणि त्यावरच्या एलपीएत आयसोनियाझिडचा प्रतिकार निघाला. लेव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं औषध घालून उपचार बदलले. पुढच्या तीन महिन्यांत तिचं वजन ४३ झालं. त्या बाईच्या बाबतीत काटा रिपोर्टच्या आधी बोलला होता. म्हणून रिपोर्ट चांगला पण माणूस सुधारत नाही, अशी स्थिती असेल तर मी जास्त सावध होतो. तुमच्या घरी उलट आहे, रिपोर्ट खटकणारा पण माणूस सुधारतोय.

आता नव्या तपासण्यांबद्दल. हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि त्यात खरोखर काहीतरी घडतंय.

एक तपासणी डीएनएऐवजी आरएनए मोजते. जंतू जगत असताना आरएनए सतत तयार होतं आणि जंतू मेला की त्यामानाने लवकर विरतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या गटाने यावर तपासणी तयार केली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत ती वापरून पाहिली. बेडक्यातल्या जिवंत जंतूंचा अंदाजे आकडा काही तासांत मिळतो. आज किती, सातव्या दिवशी किती, चौदाव्या दिवशी किती, असा उतरता आलेख काढता येतो. कल्चरला जे कळायला सहा आठवडे लागतात, ते त्याच दिवशी कळण्याची ही वाट आहे. दुसरा एक प्रयत्न आणखी पुढचा प्रश्न विचारतो. जंतू किती उरले यापेक्षा, उरलेले जंतू नवीन आरएनए बनवताहेत की सुस्त पडलेत, हे तो मोजतो. काही संशोधक जंतूच्या आवरणातला लॅम नावाचा घटक बेडक्यात मोजताहेत. लघवीतल्या लॅमची पट्टी तर एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या निदानासाठी आजही वापरात आहे. बोटाच्या टोचणीच्या रक्तात शरीराची तीन जनुकं किती जागी आहेत हे बघणारीही तपासणी आहे.

हे सगळं कशासाठी चाललंय? २०१४ साली सहा महिन्यांचा उपचार चार महिन्यांवर आणण्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्या फसल्या असं म्हणतात, पण त्यात चार महिन्यांत सुमारे ८० टक्के रुग्ण बरे झाले होते. उरलेल्यांचा आजार उलटला किंवा उपचार अपुरा ठरला. ते उरलेले नेमके कोण, हे आधी ओळखता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच सहा महिने. जिवंत जंतू मोजणारी भरवशाची तपासणी आली, तर कोणाला चार महिने पुरतील आणि कोणाला सहालाही कमी पडेल, हे सांगता येईल. मी त्या दिवसाची मनापासून वाट बघतोय, कारण पाचव्या-सहाव्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणारी माणसं मी दरवर्षी बघतो.

पण अडचणीही ध्यानात घ्या. आरएनए लवकर विरतं हाच त्याचा गुण, आणि तोच दोष. नमुना गावातून शहरात पोहोचेपर्यंत नीट जपला नाही तर निकाल खोटा दिलासा देईल. वर सांगितलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासात बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या नमुन्यांतही जंतूचं आरएनए सापडलं. म्हणजे मूठभर जिवंत जंतू आत असतील आणि शरीर त्यांना दाबून ठेवत असेल. मग बरं होणं म्हणजे नेमकं काय, इथपर्यंत प्रश्न जातो. आणि सगळ्यात साधी अडचण अशी, की दुसऱ्या महिन्यानंतर बऱ्या होणाऱ्या माणसाला बेडका येतच नाही. तो थुंकी देतो आणि लॅब ती तपासते. म्हणूनच रक्त, लघवी, जिभेवरून फिरवलेला बोळा यांवर काम चाललंय.

तुमच्या भावासाठी थेट सांगायचं तर, यातली एकही तपासणी आज आपल्याकडच्या रोजच्या उपचारात नाही. कोणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तरी करू नका. तिच्या निकालावर काय करायचं, हे ठरवणारा नियम अजून कोणाच्या हातात नाही.

लक्ष ठेवायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, गोळ्या खरंच पोटात जाताहेत का. वेष्टणाखाली लपलेल्या क्रमांकावर फोन करायची पद्धत झाली, उघडली की नोंद होणारी पेटी झाली, पण चाकणला शिफ्टमध्ये एकट्या राहणाऱ्या मुलाला रोज ठरावीक वेळी विचारणारं माणूस लागतं. तुम्ही रोज एक फोन करा. लघवी केशरी होते का हेही विचारा. रिफाम्पिसिन पोटात गेलं की ती तशी होते. दोन, औषधाचा शरीरावर होणारा त्रास. सतत मळमळ, भूक अचानक मरणं, डोळे पिवळे होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि यकृताची तपासणी करायची. आपल्याकडे एथाम्ब्युटॉल हे गोळीतलं आणखी एक औषध सहाही महिने चालतं, म्हणून दृष्टी धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ व्हायला लागला तर लगेच सांगायचं.

तर आता करायचं एवढंच. भावाचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, घेऊन केंद्रात जा आणि विचारा, ‘एलपीएचा नमुना गेला होता का, आयसोनियाझिडचं काय आलं?’ गेला नसेल तर आता पाठवता येईल का विचारा. जंतू कमी उरल्यामुळे एलपीए थेट जमणार नाही असं म्हणाले, तर कल्चर लावायची विनंती करा. त्याने तुमची आत्ताची शंकाही मिटेल. वजन ५० च्या पुढे गेलं की गोळ्यांची संख्या बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. उपचार संपल्यावरही दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, तपासणीला जायचं हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नमुना देताना भावाला एवढं सांगा. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, आणि छातीच्या तळापासून खोकून जे येईल ते डबीत. तोंडातली लाळ नको. चमचाभर पुरे, पण घट्ट हवं. कल्चरचा निकाल यायला सहा आठवडे लागतील. तोवर दर रविवारी त्याच काट्यावर वजन करून आईंना फोनवर कळवायला सांगा, म्हणजे त्यांनाही झोप लागेल.